पोलाद कारखान्याच्या जागेवर नदीकाठचं पाण्याचं उद्यान : शांघायचं हौतान

लव्हाळी

वॉटर पार्क म्हटल्यावर डोळ्यांपुढे घसरगुंड्या आणि रबरी ट्यूबा आल्या असतील तर आधी त्या बाजूला सारा. इथे पाण्यात उतरायचं नाही. पाणी आपलं काम करत असतं, आपण काठाने चालत बघायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये उद्यानं आणि मोकळ्या जागा आखणारे चिनी लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान गेले. ब्राझीलच्या पांतानाल या अफाट पाणथळ प्रदेशात माहितीपटाचं चित्रीकरण चालू होतं, तिथे छोटं विमान कोसळलं. बातमी वाचेपर्यंत मला हे नावही ठाऊक नव्हतं. शहराने पावसाचं पाणी स्पंजासारखं शोषून घ्यावं, या चीनमधल्या 'स्पंज सिटी' कल्पनेचे ते जनक मानले जातात. लहानपणी पुराच्या ओढ्यात पडले होते आणि काठच्या वाळुंज-लव्हाळ्यांना धरून वाचले, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. (माझा आयडी बघून हसू नका. तो जुना आहे.) मग दोन रात्री त्यांची कामं शोधण्यात गेल्या, आणि हौतानपाशी मी अडकले.

शांघायच्या मधून ह्वांगपू नदी वाहते. तिच्या पूर्वेच्या, म्हणजे पूडोंगच्या काठावर पोलाद कारखान्याची आणि जहाजबांधणीची जागा होती. नंतर तिथे कारखान्याचा माल पसरून ठेवायचे, राडारोडा टाकायचे. २०१० चा एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन, शांघायला भरायचं ठरलं, आणि या पट्ट्यावर यूंच्या तुरेनस्केप संस्थेने उद्यान केलं. लांबी १.७ किलोमीटर, रुंदी कुठे ३० मीटर तर कुठे ८०, एकूण १४ हेक्टर. नकाशावर कुणीतरी काठाने हिरवी फीत चिकटवल्यासारखं दिसतं.

ह्वांगपूचं पाणी तेव्हा चिनी मानकांच्या शेवटच्या, पाचव्या वर्गातही बसत नव्हतं. ते या फितीच्या एका टोकाला आत घेतलं जातं, दगडी भिंतीवरून पातळ थरात खाली सोडलं जातं, आणि मग पायऱ्या-पायऱ्यांच्या वाफ्यांतून, गवतांतून सावकाश दुसऱ्या टोकाला पोचतं. तिथे ते तिसऱ्या वर्गाचं झालेलं असतं. दिवसाला २,४०० घनमीटर. रसायन नाही, यंत्रांचा ताफा नाही. एक्स्पोच्या काळात पिण्याव्यतिरिक्तच्या कामांना वापरता येईल असं हे पाणी होतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांच्या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कारही मिळाला.

थोडक्यात काय, तर एका बागेने नदी स्वच्छ केली. जाणकारांनी भर घालावी.

बिनटोपीचा

वाचतोय. फोटो कुठायत?

पंपवाला

ताई, लेख आवडला, पण शेवटून दुसरं वाक्य मागे घ्या.

दिवसाला २,४०० घनमीटर म्हणजे तासाला १००, सेकंदाला साधारण २८ लिटर. एक बरा पंप एवढं पाणी आरामात फेकतो. आता नदी बघा. ह्वांगपू सरासरी ४०० मीटर रुंद आणि ९ मीटर खोल. भरती-ओहोटीची नदी आहे, वेग सारखा बदलतो. पण समजा ती अगदी रांगत चालली, सेकंदाला १० सेंटीमीटर, तरी सेकंदाला साडेतीन लाख लिटर पाणी पुढे सरकतं. त्यातले २८ लिटर. दर्या में खसखस.

आकड्यात चूक नाही, वाक्यात आहे. बागेने नदी नाही, नदीतून घेतलेलं पाणी स्वच्छ केलं. नळाला गाळणी बांधून धरण गाळलं म्हणण्यातला प्रकार. माझं अर्धं आयुष्य पाणी शुद्धीकरणाच्या प्लँटवर गेलं, म्हणून खटकतं. हलके घ्या.

लव्हाळी

पंपवालाजी, २८ लिटरचा हिशेब मी केलाच नव्हता, कबूल. २,४०० घनमीटर म्हणजे २४ लाख लिटर, हे वाचून भारावले होते. पण मग तुम्हीच सांगा, एवढंसंच पाणी स्वच्छ होत असेल तर इतका मोठा पट्टा त्याला का लागावा?

पंपवाला

चांगला प्रश्न. वाट १.७ किलोमीटर, पाण्याचा पट्टा ५ ते ३० मीटर रुंद. सरासरी १५ धरा. झालं अडीच हेक्टर. खोली अर्धा मीटर धरली (धरली म्हणतोय, टेप लावलेली नाही) तर आत साधारण साडेबारा हजार घनमीटर पाणी मावतं. रोज २,४०० आत येणार, म्हणजे एक थेंब आत शिरला की बाहेर पडायला पाच दिवस लागतात. आमच्या प्लँटवर हेच काम काही तासांत उरकतं, कारण आम्ही वीज जाळून हवा घुसवतो. इथे विजेच्या ऐवजी जागा आणि वेळ खर्च होतात. फुकट काही नाही, फक्त बिल वेगळ्या खिडकीवर भरायचं.

खडूफळा

पाच दिवसांत आत काय होतं ते सांगतो. नववीच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे जरा बाळबोध वाटेल.

लोकांना वाटतं झाडं घाण 'शोषून घेतात'. घेतात, पण मोठं काम करतात ते जिवाणू. गवताची बुडं, देठ, मुळं, खालचे दगड, सगळ्यांवर बुळबुळीत थर धरतो. तळ्याच्या पायरीवर पाय घसरतो ना, तोच. त्या थरात हवा असते तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली चिखलात हवा नसते, तिथले दुसरे त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणजे एकाच पाण्याला हवेशीर जागाही हवी आणि कोंदट जागाही. भिंतीवरून पाणी पातळ थरात सोडायचं ते हवा मिसळायला. दिसायलाही छान दिसतं, पण मूळ हेतू तो.

आणि वर्गांबद्दल. चीनच्या मानकात भूपृष्ठावरच्या पाण्याचे पाच वर्ग आहेत. पाचव्यात अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तिसऱ्यात १ पर्यंतच. विरघळलेला ऑक्सिजन पाचव्यात किमान २, तिसऱ्यात किमान ५. पाचवा शेतीला चालतो, तिसऱ्यात पोहता येतं, मासे वाढवता येतात. तेव्हा पाचव्याच्याही खालून तिसऱ्यावर आणणं ही साधी उडी नाही. पंपवालासाहेब, आकारमानावर जाऊन एवढं हिणवू नका.

पंपवाला

हिणवत नाहीये हो. वाक्य दुरुस्त करा एवढंच म्हणणं.

पाणकावळा

उशिरा येतोय. नोकरीनिमित्त तीन वर्षं शांघायला होतो. ७ नंबरच्या मेट्रोला हौतान नावाचं स्टेशनच आहे. (अवांतर: हौतान म्हणजे 'मागची पुळण', नदीकाठची उथळ जागा. थोडं वरच्या बाजूला छ्येनतान, 'पुढची'. तिथे आता उंचच उंच इमारती आहेत.)

पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, पत्ता चुकला. गवत माझ्या डोक्याच्या वर. नळगवताचे तुरे, त्यामागे पाणी आहे हे फक्त आवाजावरून कळायचं. बांबूच्या फळ्यांची वाट, पावलागणिक पोकळ ठकठक. वाटेत गंजलेल्या पोलादी पत्र्यांचे घड्या घातलेले उंच आडोसे, कागदाची घडी अर्धवट उलगडून ठेवावी तसे. पत्रा कारखान्याचाच. उन्हात हात लावला तर चटका बसतो आणि बोटाला तांबूस भुकटी लागते. पन्नास एक पावलांवर मोहरीच्या जातीचं पीक फुललेलं, भडक पिवळं, आणि त्यात लग्नाचे फोटो काढणारी तीन जोडपी रांगेत. एकीने पांढऱ्या झग्याखाली गमबूट घातले होते.

सगळ्यात लक्षात राहिली ती दोन आवाजांमधली जागा. एका बाजूला ह्वांगपूवरून वाळू वाहणारे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालबोटी, जायचे, इतके भरलेले की काठ पाण्याला टेकलेला, इंजिनाची धडधड छातीत जाणवायची. दोन वाफे खाली उतरलं की ती थांबायची आणि बेडूक सुरू व्हायचे. मोजून वीस पायऱ्या.

लव्हाळीताई, मला वाटतं खरी गंमत पाण्याच्या शुद्धीपेक्षा या उतारात आहे. तिथे आधी काँक्रीटची पूरभिंत होती. हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने बांधलेली, माथा ६.७ मीटरवर. भरती-ओहोटीने रोज पाणी २.१ मीटर वरखाली होतं, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी नुसता चिखल आणि अडकलेला कचरा. शहरातून नदी दिसायची नाही आणि दिसली तर बघवायची नाही. यूंनी एका भिंतीची दोन केली. नदीकडची बुटकी, वीस वर्षांच्या पुराला पुरेल अशी. शहराकडची उंच, हजार वर्षांची. आणि मधल्या खोलगट जागेत ही बाग. मोठा पूर आला तर बाग बुडेल, शहर नाही. नेहमीच्या दिवशी माणूस पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जाऊ शकतो.

बिनटोपीचा

काय लिहिलंय राव! गमबूटवाली डोळ्यांसमोर आली. (फोटो??)

पाणकावळा

तो फोन ह्वांगपूतच पडला.

गाळमाती

सगळे पाण्याबद्दल बोलताहेत, मातीबद्दल कुणीच नाही. माझा पेशा तोच असल्यामुळे गप्प बसवत नाही.

पोलाद कारखाना आणि जहाजबांधणी म्हटलं की जमिनीत काय असू शकतं याची यादी आमच्या तोंडपाठ असते. शिसं, जस्त, क्रोमियम, कोळशाच्या भट्ट्यांमधून येणारी डांबरी संयुगं, जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगातलं तांबं. खडूफळांचे जिवाणू अमोनिया उडवून लावतील, डांबरी संयुगंही काही वर्षांत थोडीफार मोडतील. शिशाचं ते काय करणार? मूलद्रव्य आहे ते. एकतर उचलून दुसरीकडे न्यायचं, नाहीतर वर जाड थर टाकून गाडायचं, नाहीतर जिथे आहे तिथेच हलणार नाही असं बांधून ठेवायचं. चौथा रस्ता नाही.

अमेरिकेतल्या सिएटलचं गॅस वर्क्स पार्क बघा. पाण्याकाठी कारखान्याच्या जागेवर बाग करण्याचं हे जुनं उदाहरण. १९०६ ते १९५६ तिथे गॅस तयार व्हायचा. उद्यान आखणाऱ्या रिचर्ड हाग यांनी कारखान्याचे बुरूज तसेच ठेवले, काळ्या मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा कालवला, जिवाणूंना खाऊ घालून मातीत मुरलेलं तेल मोडायचं म्हणून. १९७५ ला उद्यान खुलं झालं. कल्पना काळाच्या पुढची होती. पण १९८४ मध्ये मातीच्या तपासणीसाठी ते काही काळ बंद ठेवावं लागलं, आणि तळ्याच्या काठावर असूनही तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे. माणूस दहा वर्षांत कारखाना विसरतो. माती विसरत नाही.

म्हणून हौतानच्या वाफ्यांत भात आणि सूर्यफूल लावलेलं वाचलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की ते खायला आहे का बघायला. बघायला असेल तर उत्तम. भात मातीतलं कॅडमियम, हा विषारी धातू, उचलण्यात पटाईत आहे.

लव्हाळी

गाळमातीताई, हे मला सुचलंच नसतं. जुना पत्रा आडोशाला वापरला याचं कौतुक वाटत होतं, त्या पत्र्याखालच्या जमिनीचा विचारच नाही केला.

उलटतपासणी

मी आपला नेहमीचा नाट लावणारा.

एक. एक्स्पोसाठी सुमारे १८,००० कुटुंबं हलवली गेली. १८६५ पासूनची च्यांगनान ही जहाजबांधणीची गोदी नदीच्या तोंडाशी असलेल्या छांगशिंग बेटावर गेली. ती हौतानच्या समोरच्या काठाची, पण बेत एकच. 'उद्योगाची पडीक जागा' हे शब्द ऐकायला सोपे आहेत. कुणीतरी तिथे रोज डबा घेऊन कामाला जात होतं. बागेच्या माहितीत पत्र्याचं नाव येतं, पत्रा ठोकणाऱ्याचं येत नाही.

दोन. प्रदर्शनासाठी केलेल्या वस्तूवर प्रदर्शनाच्या काळात खर्च होतो. एक्स्पो सात कोटींवर माणसं बघून गेली. मांडव उतरल्यावर गवत कोण कापतं?

तीन. स्पंज, स्पंज म्हणून एवढं डोक्यावर घेतलं, पण २०२१ च्या जुलैत चीनमधल्याच चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा स्पंज कुठे होता? तिथेही या नावाखाली कामं झालीच होती.

पाणकावळा

पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही. मला तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटायचे, रोज संध्याकाळी त्याच आडोशाला पाठ टेकून उभे. आधी या कारखान्यात होते का, हे विचारायला माझी चिनी भाषा कधी पुरली नाही.

खडूफळा

तिसऱ्याला मी उत्तर देतो. चीन सरकारचं स्पंज सिटीचं लक्ष्य असं होतं, की २०३० पर्यंत शहरांच्या ८० टक्के भागात पावसाचं ७० टक्के पाणी जागच्या जागी मुरावं किंवा वापरात यावं. हे नेहमीच्या पावसाचं गणित आहे. तासाला २०० मिलिमीटर म्हणजे वर्गातल्या बाकाच्या निम्म्या उंचीएवढं पाणी साठ मिनिटांत. ते कुठलाच स्पंज पिणार नाही, कुठलंच गटारही वाहून नेणार नाही. छत्री घेऊन धबधब्याखाली उभं राहायचं आणि छत्रीवाल्याला शिव्या द्यायच्या, असं होतं ते. छत्रीवाल्याने 'धबधब्यालाही चालेल' असं म्हणून विकली असेल तर मात्र शिव्या रास्त.

उलटतपासणी

तशीच विकली गेली, हेच तर म्हणतोय. बाक निम्मं बुडालं हे मात्र आवडलं.

घमेलं

दुसरा मुद्दा माझ्या पोटाचा. बागा राखण्याचं काम करतो. अशा पाणथळीत सगळ्यात अवघड दिवस उद्घाटनाचा नसतो, तिसऱ्या हिवाळ्यातला असतो. नळगवत, पाणकणीस वाढतं झपाट्याने, थंडीत वाळतं, आडवं होतं आणि पाण्यात कुजतं. वर्षभर जे शोषलं ते सगळं परत पाण्यात. म्हणून वाळायच्या आत कापून बाहेर काढायला लागतं. पाण्यात उभं राहून, कमरेपर्यंतचे गमबूट घालून, विळ्याने. मशीन चिखलात रुततं. लोकांना वाटतं रानटी आहे म्हणजे राखण नको. उलट आहे.

खडूफळा गुरुजी, नायट्रोजन उडतो. फॉस्फरस उडतो का?

खडूफळा

नाही. तो वायू होत नाही. मातीला चिकटतो किंवा झाडात जातो. बरोबर जागी बोट ठेवलंत.

पंपवाला

मग आकडा काढूच. पाचव्या वर्गात फॉस्फरस लिटरला ०.४ मिलिग्रॅम चालतो, तिसऱ्यात ०.२. किमान एवढा फरक धरला तर २,४०० घनमीटरला दिवसाला ४८० ग्रॅम. वर्षाला १७५ किलो. वाळलेल्या गवतात हजार भागांत फार तर दोन भाग फॉस्फरस असतो. म्हणजे सगळा गवतातून काढायचा तर वर्षाला सुमारे ८७ टन वाळलं गवत कापायला हवं. अडीच हेक्टरात ५० टन निघालं तरी डोक्यावरून पाणी. उरलेला जवळपास निम्मा तळाच्या गाळात बसणार, आणि तो गाळ कधीतरी उपसावा लागणार. उपसला की गाळमातीताईंचा प्रश्न परत हजर: टाकायचा कुठे?

गाळमाती

हजर आहे.

घमेलं

५० टन गवत कापायला किती माणसं लागतील याचा आकडाही काढा कधी.

लव्हाळी

धागा माझ्या हातून गेला, पण बरं झालं. एक गोष्ट राहिली होती ती सांगते. यू म्हणायचे की नटव्या बागा म्हणजे चीनमधल्या पूर्वीच्या बांधलेल्या पावलांसारख्या. सुंदर दिसाव्यात म्हणून पिळून लहान केलेल्या, चालायच्या कामाच्या नाहीत. त्यांना मोठी, धट्टीकट्टी पावलं हवी होती. संस्थेच्या नावातलं 'तुरेन' म्हणजे मातीतला माणूस, गावंढळ असाही अर्थ निघतो. मुद्दाम ठेवलेलं. घमेलंदादांचं वाचताना वाटलं की धट्टीकट्ट्या पावलांचीही राखण करावीच लागते.

जर्मनीत ड्युइसबुर्गला १९८५ मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं उद्यान झालंय. पीटर लात्झ यांनी तिथे एम्शर नदीच्या जुन्या पात्रातलं सांडपाणी जमिनीखालच्या नळातून नेलं आणि वरच्या पात्रात पावसाचं स्वच्छ पाणी सोडलं. म्हणजे घाण साफ केली नाही, वेगळी केली. वायूची जुनी टाकी पाण्याने भरून त्यात आता लोक डायव्हिंग शिकतात, १३ मीटर खोल. पंपवालाजींना हे जास्त प्रामाणिक वाटेल.

पंपवाला

वाटलं. पण बेडूक हौतानला जास्त असणार.

पाणकावळा

घमेलंदादा, कापलेलं गवत मी पाहिलंय. नोव्हेंबर असेल. दोन माणसं कमरेपर्यंत पाण्यात, कापून भारे बांधत होती, तिसरा बांबूच्या वाटेवर ओढून घेत होता. तीनचाकी गाडीवर इतकं रचलं की चालवणारा दिसेना. गाडी गेली त्या वाटेवर गेटपर्यंत तुऱ्यांचा कापूस सांडला होता.

घमेलं

म्हणजे मांडव उतरल्यावरही कापत होते. बास, एवढंच हवं होतं.

लव्हाळी

संपादन केलंय. 'एका बागेने नदी स्वच्छ केली' काढून 'एका बागेने नदीतलं सेकंदाला २८ लिटर पाणी स्वच्छ केलं' असं लिहिलंय. पंपवालाजी, आता चालेल?

पंपवाला

२७.८. पण चालेल.